जखमी मेंदूला झोपवून ठेवतात, ते कशासाठी?

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना डॉक्टरांकडून एक वाक्य हमखास ऐकावे लागते : ‘‘आम्ही पेशंटला झोपवून ठेवले आहे.’’ अपघातात डोक्याला जबर मार बसलेला माणूस आधीच बेशुद्ध असतो. त्याला आणखी गुंगीचे औषध कशासाठी, हा प्रश्न मनात येतो. पण त्या घाईगर्दीत तो विचारला जातोच असे नाही. मग दोन टोकांचे समज तयार होतात. औषधांमुळेच आपला माणूस शुद्धीवर येत नाही, असे काहींना वाटते. झोपेत मेंदूच्या पेशी आपोआप भरून येतात, असा दिलासा इतर काही जण स्वतःला देतात. वस्तुस्थिती या दोहोंहून वेगळी आहे आणि ती समजून घेण्यासाठी वैद्यकशास्त्रालाही बरीच वर्षे व बऱ्याच चुका खर्ची घालाव्या लागल्या.

प्रश्न किती घरांचा आहे, हे आकडेच सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले, तर ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. मृतांपैकी ५० हजारांहून अधिक दुचाकीस्वार व त्यांचे सहप्रवासी हेल्मेटविना होते. या अपघातांतून जिवंत रुग्णालयात पोहोचणाऱ्या गंभीर रुग्णांत डोक्याला मार लागलेल्यांची संख्या मोठी असते.

मेंदूची इजा एकाच क्षणी पूर्ण होत नाही, हा या विषयाचा पाया आहे. डोके रस्त्यावर आपटते तेव्हा काही पेशी चिरडल्या जातात, काही तंतू तुटतात, काही रक्तवाहिन्या फुटतात. ही पहिली इजा; तिच्यावर कोणत्याही औषधाची मात्रा चालत नाही. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे अपघाताआधी डोक्यावर चढवलेले हेल्मेट. मात्र त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत दुसरी इजा आकार घेते. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन प्रमाणाबाहेर बाहेर पडते. एरवी हेच रसायन एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोहोचवते. पण त्याचा पूर आला की शेजारच्या धडधाकट पेशी अतिउत्तेजित होतात, त्यांच्यात कॅल्शियम घुसते आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणाच मोडून पडते. उत्तेजनाच्या अतिरेकाने पेशी मरतात, ही कल्पना अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी यांनी १९६९ साली मांडली. गुंगीच्या औषधांनी मेंदू वाचवण्याच्या आशेला तेथूनच मोठे बळ मिळाले.

दुसऱ्या इजेचे आणखी एक कारण निव्वळ जागेचे आहे. कवटी ही हाडांची बंद पेटी. तिच्या आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव असे तीन रहिवासी. एकाने जास्त जागा मागितली की उरलेल्या दोघांना ती सोडावी लागते. सुजलेला मेंदू किंवा साचलेली रक्ताची गाठ जागा व्यापू लागली की प्रथम द्रव आणि शिरांतील रक्त मागे हटतात. ती सवलत संपली की आतील दाब झपाट्याने चढतो. निरोगी प्रौढ माणसाच्या कवटीतील दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो. तो २२ च्या वर टिकून राहिला तर उपचार करावेत, असे अमेरिकेच्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनची २०१६ सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जगभरातील अतिदक्षता विभागांत हीच तत्त्वे प्रामुख्याने आधाराला घेतली जातात.

दाब वाढण्यात धोका काय, हे एका वजाबाकीतून कळते. हृदयाकडून येणाऱ्या रक्ताचा सरासरी दाब उणे कवटीतील दाब म्हणजे मेंदूला प्रत्यक्ष रक्त पुरवणारा दाब. ही बाकी ६० ते ७० च्या दरम्यान राहावी, असा प्रयत्न असतो. सरासरी रक्तदाब ९० आणि कवटीतील दाब ३० असेल तर मेंदूच्या वाट्याला ६० येतात. ही वजाबाकी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढच्या साऱ्या वादाचे मूळ तीत आहे.

आता औषधांकडे वळू. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीर वापरते त्यातील सुमारे वीस टक्के प्राणवायू तो एकटा खातो. या खर्चाचे दोन भाग पडतात. मोठा भाग पेशींच्या परस्परसंवादावर, म्हणजे विद्युत् हालचालींवर जातो. उरलेला पेशी केवळ जिवंत राखण्यावर. प्रोपोफॉल, मिडॅझोलॅम आणि थायोपेंटोनसारखी बार्बिट्युरेट गटातील औषधे मेंदूतील ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचे काम वाढवतात. संवाद थंडावतो, प्राणवायूची गरज घटते. गरज घटली की, विशेषतः प्रोपोफॉल आणि थायोपेंटोनच्या बाबतीत, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. कवटीतील रक्ताचे आकारमान कमी होते आणि दाब उतरतो. याशिवाय रुग्ण श्वसननलिकेशी झगडत नाही, खोकत नाही, त्याला झटके येण्याचा संभव घटतो. खोकल्याची एक उबळही कवटीतील दाब क्षणात वर नेऊ शकते, हे लक्षात घेतले तर या साध्या वाटणाऱ्या फायद्याचे मोल कळते.

मात्र या उपायाला निसर्गाने एक मर्यादा घालून ठेवली आहे. बार्बिट्युरेटची मात्रा वाढवत नेली की मेंदूच्या विद्युत् आलेखावरील लाटा विरळ होतात आणि अखेर रेघ सपाट होते. त्या टप्प्यावर प्राणवायूचा वापर जवळपास निम्म्यावर येतो. त्यापुढे कितीही औषध दिले तरी खर्च आणखी घटत नाही, कारण उरलेला खर्च पेशी जिवंत राखण्याचा असतो आणि तो या औषधांच्या आवाक्यात नसतो. दुकानातले सारे दिवे मालवले तरी भाडे भरावेच लागते, तसा हा प्रकार. म्हणूनच सखोल बेशुद्धीत ठेवताना डॉक्टर सपाट रेघ गाठत नाहीत. मधूनमधून लाटांचा झुबका आणि मध्ये काही सेकंदांची शांतता, असा आलेख दिसला की तेथे थांबतात.

सिद्धांत इतका सुबक असेल, तर सरसकट प्रत्येक गंभीर रुग्णाला पहिल्याच दिवशी या गाढ गुंगीत का नेऊ नये? एके काळी अनेक तज्ज्ञांनाही हेच वाटत होते. १९७८ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधकांनी माकडांच्या मेंदूचा रक्तपुरवठा सोळा मिनिटे तोडून नंतर थायोपेंटोन दिले, तेव्हा मेंदूची हानी बरीच कमी दिसली. प्रयोग गाजला. पण नंतर अधिक काटेकोर पद्धतीने माकडांवरच तो पुन्हा केला गेला तेव्हा तो फायदा आढळला नाही. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या २६२ बेशुद्ध रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. तेथेही थायोपेंटोन घेतलेले आणि न घेतलेले यांच्या भवितव्यात लक्षणीय फरक पडला नाही. ती चाचणी डोक्याला मार लागलेल्यांवरची नव्हती, हे खरे. परंतु ‘औषध दिले की पेशी वाचतात’ या सरळ समीकरणाला तिने पहिला मोठा तडा दिला.

डोक्याला मार लागलेल्यांबाबतचा धडा त्याच सुमारास मिळाला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत गंभीर इजा झालेल्या ५३ रुग्णांपैकी निम्म्यांना दाब वाढण्याची वाट न पाहता, प्रतिबंधक म्हणून पेंटोबार्बिटल हे औषध सुरुवातीपासून देण्यात आले. वर्षअखेर दोन्ही गटांची अवस्था सारखीच होती. फरक दिसला तो भलत्याच ठिकाणी. औषध मिळालेल्यांपैकी ५४ टक्के रुग्णांचा रक्तदाब घसरला, तर न मिळालेल्यांत हे प्रमाण अवघे ७ टक्के होते.

येथे मघाची वजाबाकी पुन्हा मांडावी. रक्तदाब ९०, कवटीतील दाब ३०, मेंदूच्या वाट्याला ६०. औषधाने कवटीतील दाब २० वर आणला आणि रक्तदाब ९० वरच राहिला, तर वाटा ७० होतो. औषध लागू पडले. पण त्याच औषधाने रक्तदाबही ७० वर ओढला, तर बाकी उरते ५०. कवटीच्या दाबाचा आकडा सुधारलेला दिसतो आणि मेंदू मात्र आधीपेक्षा अधिक उपाशी राहतो. हा केवळ कागदी हिशेब नव्हे. ७१७ गंभीर रुग्णांच्या नोंदींवर आधारित, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले होते की, वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेल्याची नोंद ज्यांच्या बाबतीत होती, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट होते. पेशींची भूक कमी करणारे औषध त्यांच्या तोंडचा घासही काढून घेऊ शकते, हे त्यानंतर कोणाला नाकारता आले नाही.

मग ही औषधे टाकाऊ ठरली काय? तसेही नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ७३ रुग्णांवरील चाचणीत प्रश्न वेगळा विचारला गेला होता. इतर सर्व उपाय थकल्यावरही ज्यांचा दाब उतरत नाही, त्यांना बार्बिट्युरेट दिले तर काय होते? अशा रुग्णांत दाब आटोक्यात येण्याची शक्यता औषधाने जवळजवळ दुप्पट झाली. मात्र ज्यांचे रक्ताभिसरण आधीच डळमळीत होते, त्यांना तो लाभ झाला नाही. आजची शिफारस याच दोन चाचण्यांच्या मधोमध उभी आहे. प्रतिबंध म्हणून बार्बिट्युरेटची गाढ गुंगी देऊ नये. मात्र औषधे आणि शस्त्रक्रिया यांना न जुमानणाऱ्या दाबासाठी, रक्तदाब स्थिर राखून, ती वापरता येते. ‘दाब उतरतो’ आणि ‘रुग्ण अधिक बरा होतो’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हेही या क्षेत्राने मान्य केले आहे. प्रोपोफॉलची शिफारस दाब नियंत्रणासाठी आहे; मृत्यू टळावा किंवा सहा महिन्यांनंतरची स्थिती सुधारावी म्हणून ते द्यावे, असे मार्गदर्शक तत्त्वे म्हणत नाहीत. उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेनेही बार्बिट्युरेटमुळे अंतिम परिणाम सुधारल्याचा पुरावा नसल्याचे आणि साधारण चारांपैकी एका रुग्णात रक्तदाब घसरत असल्याचे नोंदवले.

प्रस्तुत लेखकाच्या मते ‘मेंदूचे रक्षण करणारे औषध’ हा शब्दप्रयोगच येथे दिशाभूल करतो. ही औषधे पेशीला कवच चढवत नाहीत. ती वेळ मिळवून देतात. त्या वेळात सूज ओसरावी लागते, रक्ताची गाठ काढावी लागते, श्वास आणि रक्तदाब टिकवावा लागतो. खरे कवच शोधण्याचे प्रयत्न कमी झाले नाहीत. ग्लुटामेटचे दार थेट बंद करणारी औषधे १९९० च्या दशकात चाचण्यांत निष्फळ ठरली. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात बनणारा एक घटक गाबामार्फतच काम करतो. प्राण्यांत त्याचे परिणाम उत्साहवर्धक होते. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ८८२ आणि १,१९५ रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. स्टेरॉइडची कथा तर अधिक कठोर. कित्येक दशके डोक्याच्या दुखापतीत ती सर्रास दिली जात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्रॅश’ चाचणीत दोन आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण स्टेरॉइड मिळालेल्यांत २१.१ टक्के आणि न मिळालेल्यांत १७.९ टक्के निघाले. चांगल्या हेतूने दिलेले औषध जीव घेऊ शकते, याची ही नोंद आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात आज पहिली पसंती सहसा प्रोपोफॉलला मिळते. दुधासारखे पांढरे दिसणारे हे औषध थांबवले की परिणाम लवकर ओसरतो. त्यामुळे रुग्णाला थोडे जागे करून तो हातपाय हलवतो का, हे तपासता येते. मोठ्या मात्रेत अनेक दिवस दिल्यास मात्र हृदय, स्नायू व मूत्रपिंड निकामी करणारा दुर्मीळ पण प्राणघातक विकार उद्भवू शकतो. मिडॅझोलॅममुळे रक्तदाब तुलनेने कमी घसरतो, परंतु ते शरीरात साठत जाते. थायोपेंटोन चरबीत मुरते, संसर्गाशी लढण्याची ताकद घटवते आणि रक्तातील पोटॅशियम आधी खाली व औषध थांबवल्यावर एकाएकी वर नेऊ शकते.

केटामाइनची गोष्ट थोडी तपशिलाने सांगण्याजोगी आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला ते देऊ नये, असे भूलशास्त्राच्या कित्येक पिढ्या शिकल्या. ते कवटीतील दाब वाढवते, असा जुन्या निरीक्षणांचा आधार त्यामागे होता. श्वास यंत्रावर नियंत्रित असलेल्या रुग्णांत पुढे तसे दिसून आले नाही. उलट हे औषध गाबावर विसंबत नाही. ग्लुटामेटचे दार अडवते आणि रक्तदाबही सहसा राखते. ब्राझीलचे संशोधक अरिस्टिडिस लिआओ यांनी १९४४ साली सशांच्या मेंदूत एक विचित्र लाट पाहिली होती. चेतापेशींचा विद्युत्‌भार कोसळत मिनिटाला काही मिलिमीटर या संथ गतीने ती पसरत जाते आणि तिच्यामागे मेंदू काही काळ मूक होतो. जखमी मानवी मेंदूतही अशा लाटा उठतात, हे अलीकडच्या दशकांत सिद्ध झाले. आधीच उपाशी असलेल्या भागात अशी प्रत्येक लाट नवा भुर्दंड लादते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात केटामाइन मिळत असताना या लाटा कमी आढळल्या. तूर्त ही आशा आहे, उपचाराचा नियम नव्हे. १९७८ ची माकडे ज्यांना आठवतात, ते याहून अधिक बोलणार नाहीत.

गाढ गुंगीचा पर्याय म्हणून कवटीचा काही भाग काढून सुजलेल्या मेंदूला जागा करून देणारी शस्त्रक्रियाही केली जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ४०८ रुग्णांवरील ‘रेस्क्यू-आयसीपी’ चाचणीत एका गटावर ही शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटाचे औषधोपचार सुरू राहिले आणि गरजेनुसार बार्बिट्युरेट दिले गेले. सहा महिन्यांनी मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर २६.९ टक्के, तर औषधोपचारात ४८.९ टक्के होते. परंतु केवळ श्वास चालू, जाणीव नाही अशा अवस्थेत राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८.५ आणि २.१ टक्के होते. कुटुंबीयांपुढे संमतिपत्र ठेवले जाते तेव्हा या दोन जोड्यांतील दुसरीही सांगितली जावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

भारताच्या संदर्भात एक इशारा येथे द्यायलाच हवा, कारण तो मोठ्या रुग्णालयात पोहोचण्याआधीचा आहे. डोक्याला मार लागलेला माणूस पुष्कळदा अस्वस्थ असतो. हात झटकतो, उठून बसतो, शिवीगाळही करतो. त्याला ‘शांत’ करण्यासाठी झोपेची गोळी किंवा इंजेक्शन देण्याचा मोह घरच्यांना आणि क्वचित छोट्या दवाखान्यालाही होतो. तो घातक आहे. श्वसननलिका व व्हेंटिलेटर यांच्या आधाराशिवाय दिलेल्या गुंगीने श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतो. रक्तातील या वायूचा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढला की मेंदूतील रक्तप्रवाह सुमारे तीन ते चार टक्क्यांनी वाढतो. अतिदक्षता विभागात जे औषध कवटीतील दाब उतरवते, तेच जीपच्या मागच्या बाकावर तो चढवते. शिवाय अस्वस्थता हे स्वतःच प्राणवायू कमी पडत असल्याचे किंवा रक्ताची गाठ वाढत असल्याचे लक्षण असू शकते. अपघातानंतर नीट बोलणारा रुग्ण काही तासांनी अचानक ढासळतो, असे कवटी आणि मेंदूच्या आवरणामधील रक्तस्रावात घडते. औषधाने झोपलेल्या माणसाचे ते ढासळणे कोणाच्या लक्षातच येत नाही. शुद्ध मोजण्याची ग्लासगो मोजपट्टी १९७४ साली ग्रॅहॅम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी दिली. डोळे, बोलणे आणि हालचाल यांवरून ३ ते १५ असे गुण देणारी ही मोजपट्टी आजही पहिली कसोटी आहे. गुंगीचे औषध देण्याआधीचे गुण कागदावर लिहून पुढे पाठवले, तर न्यूरोसर्जनच्या हाती बरेच काही लागते.

उरतो नातेवाइकांचा प्रश्न : शुद्धीवर कधी येणार? फॉर्म्युला वन शर्यतींचा विश्वविजेता मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे स्कीइंग करताना जखमी झाला, तेव्हा ‘औषधाने आणलेला कोमा’ हे शब्द जगभर पोहोचले. त्याची गुंगी कमी करण्यास जानेवारीअखेर सुरुवात झाल्याचे जाहीर झाले. तो कोमात नसल्याची घोषणा व्हायला मात्र जून उजाडला. मधल्या महिन्यांचा अर्थ असा की, औषध थांबवणे आणि जाग येणे या दोन वेगवेगळ्या घटना आहेत. औषधाचा अंमल संपल्यावर जे उरते, ती इजेची खरी खोली.

गुंगी अकारण लांबवू नये, यालाही आधार आहे. मेंदूला इजा झालेल्या उंदरांना डायझेपाम देत राहिल्यास त्यांची सुधारणा दीर्घकाळ खुंटते, असे १९८६ सालच्या प्रयोगांत दिसले होते. माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही दाब स्थिरावताच मात्रा उतरवण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. उतरवताना रुग्ण तळमळतो, नळ्या ओढतो, दाब पुन्हा चढतो. तेव्हा त्याला परत झोपवावे लागते. बाहेर बसलेल्यांना ही माघार वाटते, पण अनेकदा तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला ते साधते. मेंदूमृत्यूच्या तपासणीलाही हाच नियम लागू आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखालील प्रमाणपत्रात बेशुद्धी गुंगीच्या औषधांमुळे नाही, याची खातरजमा बंधनकारक आहे. थायोपेंटोन दिलेल्या रुग्णात ती खात्री होण्यास कधी कधी काही दिवस लागतात. म्हणून डॉक्टरांना विचारायचा उपयुक्त प्रश्न ‘शुद्धीवर कधी येईल’ हा नसून, कोणते औषध चालू होते आणि ते थांबवून किती तास झाले, हा आहे. त्याचे नेमके उत्तर अतिदक्षता विभागातील पलंगापाशी ठेवलेल्या तक्त्यात तासागणिक लिहिलेले असते.